‘गेलं’ दाखवतंय

१२ जून १९९४, रविवार

चौदा! एका दिवसात चौदा तक्रारी. सकाळी मोडेमने बोर्डाला, म्हणजे आम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या टपालपेटीला, फोन लावला, टपालाचं गाठोडं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं, उघडलं तर चौदाच्या चौदा माझ्याच नावाने: ‘सहदेव यांस’. चहा गार झाला.

एकाला अक्षरं निळी हवीत. एकाला निळी अजिबात नकोत. मुलुंडचा एक म्हणतो, पत्र लांबलं की शेवटची ओळ गायब होते. अरे मग आखूड लिही ना! (असं कळवलं नाही. ‘बघतो’ असं कळवलं.) ठाकुर्लीच्या एकाने विचारलंय, ‘आपण सुट्टीवर आहात का?’ आठ दिवस उत्तर दिलं नाही म्हणून! सुट्टी कसली बोडक्याची. कंपनीत आठ तास मीटर दुरुस्त करतो आणि घरी येऊन यांच्या हौशी दुरुस्त करतो.

हा टपालाचा प्रोग्राम म्हणे पब्लिक डोमेन. कोणीही घ्या, कोणीही बदला, मालक कोणी नाही. पण बिघडलं की मालक मी! धर्माची गाय आणि दात का गं नाय.

मंजुळा म्हणाली, ‘एवढी पत्रं येतात तुम्हाला, एकात तरी कसे आहात असं असतं का हो?’

नसतं.

१३ जून

शेवटची ओळ खरंच गायब होत होती. दुरुस्त केली. मुलुंडकर गप्प.

२६ जून, रविवार

आईने आज परत विचारलं. ‘चंदू कवा येल रं? लय दिस झालं.’ बघू, म्हटलं.

काय सांगू तिला? ‘डोल’ आम्ही दोघांनी लिहिला. माझे बाबा आणि चंदूचे बाबा, गोमाजीकाका, एका होडीवर होते. कोलशेतच्या खाडीत डोल जाळं लावायचे. पाण्याबरोबर जे आत येईल ते ओढून घ्यायचं. चंदू म्हणाला, आपला प्रोग्राम पण तसाच की! बोर्डाला फोन लावायचा, आलेली पत्रं ओढून घ्यायची, फोन ठेवून निवांत वाचायची, उत्तरं लिहायची, पुढच्या फोनला सोडायची. नाव ‘डोल’च ठेवू. सगळं मराठीत, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं— ही पण त्याचीच हौस. पत्र बोर्डाकडे पोचवलं की त्याच्यासमोर ‘गेलं’ येतं. आणि प्रत्येक पत्राच्या तळाला प्रोग्रामचं नाव आणि आमची दोघांची नावं.

आणि जानेवारीत या गृहस्थाने मला न विचारता सगळाच्या सगळा सोर्स कोड बोर्डावर टाकून दिला. घ्या, लोकहो! मला कळलं ते तिसऱ्याच माणसाकडून. मी बोर्डावर सगळ्यांदेखत विचारलं, कोणाला विचारून टाकलंस? याचं उत्तर, तेही सगळ्यांदेखत: ‘सॉफ्टवेअर आहे रे सह्या, सातबारा नाही.’

सातबारा! मला! आमची खाडीकाठची जमीन कंपनीत गेली आणि त्याच कंपनीत मी आज मेंटेनन्सला. हे चंदूला माहीत नाही? मोजणीवाले आले त्या दिवशी तो आमच्याच ओट्यावर बसलेला. बोर्डावर लोक हसले. चार-पाच जणांनी तर ‘वा वा’ म्हणून लिहिलं.

मग १.४ या नव्या आवृत्तीत मी त्याचं नाव काढलं. नुसतं तळाचं नाही. आतली त्याने लिहिलेली ओळ न ओळ शोधली, पुसली आणि माझ्या हाताने नवी लिहिली. चंदूचं एक अक्षर ठेवायचं नाही! दोन आठवडे लागले. फेब्रुवारीत बाहेर काढली. तेव्हापासून त्याचा एक शब्द नाही. एक! राहतो कल्याणला. कल्याण काय लंडनला आहे?

९ जुलै

नवीन बाई. हेमा, डोंबिवलीच्या, कोपर स्टेशनजवळ राहतात. तारखात्यात आहेत. लिहितात: ‘माझी काही खासगी पत्रं पोचत नाहीत असा संशय आहे. समोर ‘गेलं’ दाखवतंय, पण उत्तर येत नाही.’

मी तिथंच सगळ्यांदेखत लिहिलं: ‘मॅडम, ‘गेलं’ दाखवतंय म्हणजे गेलं. उत्तर का येत नाही ते समोरच्याला विचारा.’

मी दर आठवड्याला चाचणी घेतो. स्वतःच्याच नावाने खासगी पत्र लिहितो, पाठवतो, येतं. आज परत घेतली. आलं. मग?

१० जुलै

हेमाबाईंचं उत्तर: ‘समोरच्याला तेच विचारलं होतं. तेही पोचलं नाही.’

आगाऊ बाई.

३१ जुलै, रविवार

उत्तमकडे गेलेलो. बोर्ड त्याच्याच घरी, नौपाड्यात. कपाटाशेजारी कॉम्प्युटर, त्यावर टॉवेल. शेदीडशे माणसांचं टपाल त्या टॉवेलखालून जातं-येतं. दिवसा तो स्टेशनजवळच्या कॅसेटच्या दुकानात.

म्हणाला, ‘यार सहदेव, हल्ली लोकांना झालंय काय? सगळे एकमेकांवर रुसून बसलेत. पब्लिकमध्ये भांडायचे ते पहिल्यापासून. पण नंतर आपसांत खासगीत मिटवायचे रे. आता कोण मिटवतच नाही! खडवलीच्या कलावतीबाई बोर्ड सोडते म्हणतात.’

मी म्हटलं, माणसंच तशी झालीत. तो म्हणाला, ‘तू आणि चंदूपासून सुरुवात झाली बघ.’

उठून आलो. चहासुद्धा घेतला नाही.

७ ऑगस्ट

अक्षरं निळी केली. आता हिरवी हवीत!

२१ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

दरवर्षी चंदू येतो. कल्याणला राहायला गेले तरी नारळ आमच्याच बंदरावर. माझा हात आणि त्याचा हात, एकच नारळ— बाबा आणि काका करायचे तसं. आज मी एकट्यानेच टाकला. घरी आल्यावर आई म्हणाली: ‘त्येच्या बापाला खांदा दिलास, त्यो भावच की रं तुजा.’

बास. आता लिहूनच टाकतो. हे वहीत लिहायचं टाळत होतो.

तो सातबाऱ्याचा टोमणा वाचून मी जळत होतो. ३ फेब्रुवारीला त्याच पत्राला उत्तर लिहायला घेतलं आणि ते खासगी केलं— लोकांना तमाशा नको म्हणून. दोनच ओळी. ‘तुझ्या बापाला खांदा दिला याची लाज वाटते. पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस.’

गोमाजीकाकांना! ज्यांनी मला पोहायला शिकवलं. त्यांना मी घरापासून स्मशानापर्यंत नेलं, एकदाही खांदा बदलू दिला नाही. आणि तेच मी उकरून काढलं!

चंदूने वाचलं असणार. म्हणून गप्प आहे. बरोबरच आहे त्याचं. पण एक शिवी तरी हासडायची! सात महिने नुसतं गप्प बसून माणसाला असं भाजायचं?

मंजुळाला माहीत नाही. तिला वाटतं, भांडण सातबाऱ्याचंच. म्हणते, ‘साऱ्या दुनियेच्या पत्रांची सोय करता आणि चंदूभावजींना एक फोन होत नाही तुमच्याने.’

४ सप्टेंबर, रविवार

उत्तमकडे बोर्डवाल्यांची बैठक. हेमाबाई आल्या. मला वाटलेलं कोणी तावातावाने भांडणारी असेल. पन्नाशीच्या, बुटक्या, पिशवीत छत्री आणि एक रेघांची वही.

वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, ‘आमच्या खात्यात तार गेली म्हणजे पोचली असं कोणी म्हणत नाही हो. गेल्याची नोंद वेगळी, घेणाऱ्याची सही वेगळी. तुमच्या डोलमध्ये सही कुठाय?’

मी म्हटलं, मॅडम, हा प्रोग्राम आहे, तारऑफिस नाही. हे मी चंदूसारखंच बोललो, तेव्हा कळलं नाही.

त्या शांतपणे म्हणाल्या, ‘बघा तर खरं.’ तेवीस खासगी पत्रं. तारीख, कोणाला, कशी लिहिली, पोचलं का— एकेकाला विचारून लिहिलेलं. कोरी सुरुवात करून लिहिलेली सोळा. सोळाही पोचली. दुसऱ्याच्या जाहीर पत्राला उत्तर द्यायला घेतलं आणि मग ‘खासगी’ केलं, अशी सात. सातांतलं एकही नाही.

‘कलावतीबाईंच्या कवितेला मी सगळ्यांदेखत नावं ठेवली,’ त्या म्हणाल्या. ‘त्याच रात्री मला वाईट वाटलं. माफीचं लिहिलं. त्यांना मिळालंच नाही. त्या समजतात, मी गुर्मीत गप्प आहे.’

मी ‘बघतो’ म्हटलं.

११ सप्टेंबर, रविवार

सापडलं.

उत्तर लिहायला घेतलं की मूळ पत्रावरच्या सगळ्या खुणा उत्तरावर उतरतात. ‘गेलं’ची खूणसुद्धा. म्हणून आधी त्या पुसाव्या लागतात. जाहीर उत्तरात पुसल्या जातात. खासगीत पुसल्याच जात नाहीत! म्हणजे पत्र लिहिताक्षणी त्यावर ‘गेलं’. फोन लागला की डोल बघतो, हे तर गेलंय, आणि पाठवतच नाही. पत्र तिथंच पडून. आणि लिहिणारा उत्तराची वाट बघत बसतो.

जुनी १.३ ची फ्लॉपी काढली. खासगी उत्तराचा तुकडा चंदूचा. अकरा ओळी. अकरावीच्या शेजारी त्याची टीप: ‘आधीच्या खुणा पुसणे. सह्या, ही ओळ काढू नकोस.’

काढली. चंदूचं एक अक्षर ठेवायचं नव्हतं ना मला! नव्याने लिहिताना वाटलं, हिचं काय काम? उगाच शहाणपणा करतो झालं.

आणि माझी चाचणी! मी मलाच पत्रं लिहीत होतो. कोरी. माझ्याकडून माझ्याकडे. ती कुठे अडकणार? गाढव आहे मी. शंभर नंबरी गाढव.

सात महिने! चारचौघांत वाटेल ते बोलून गेल्यावर ज्याला मागाहून एकट्याला गाठून ‘चुकलो’ म्हणायचं होतं, नेमकी त्याचीच पत्रं अडकली. हेमाबाईंची सात. बाकीच्यांची किती?

मग एक विचार आला. चंदूनेही लिहिलं असेल तर?

आणि माझं? माझं ३ फेब्रुवारीचं. १.४ बोर्डावर चढवली ५ ला, तारीख लिहिलेली आहे. म्हणजे माझं जुन्यातूनच गेलं. वा रे नशीब! साऱ्या जगाची माफी अडकली आणि माझी घाण तेवढी पोचली.

१८ सप्टेंबर, रविवार

१.५ तयार. ती ओळ होती तशी परत घातली, टिपेसकट. सोबत एक छोटा प्रोग्राम केला— ‘सोडव’. अडकलेली सगळी उत्तरं शोधतो, खूण पुसतो, पुढच्या फोनला सोडून देतो. आपलं औषध आधी आपण घ्यावं म्हणून माझ्याच मशीनवर चालवला. ‘अकरा सुटली.’ माझीही अकरा! मुलुंडकर, ठाकुर्लीकर यांना दिलेली उत्तरं असणार. तरीच म्हणतात, सहदेव उत्तर देत नाही.

पण सोडतो कुठून? गुरुवारपासून फोन मेलाय. नुसती खरखर. शेवटी फ्लॉपी घेऊन उत्तमकडे गेलो आणि बोर्डावर चढवली. वर सूचना लिहायची होती. तीनदा लिहिली. ‘चंदूची ओळ मी काढली म्हणून हे झालं’ असं लिहिलं आणि खोडलं. ‘एक ओळ राहून गेली’ असं ठेवलं.

राहून गेली म्हणे!

२२ सप्टेंबर

फोन मेलेलाच. लाइनमन येऊन बघून गेला. म्हणाला, केबलमध्ये पाणी. ते मलाही माहीत आहे.

२५ सप्टेंबर, रविवार

उत्तमच्या दुकानात गेलेलो. नुसता हसत सुटलेला. ‘बोर्डावर पूर आलाय रे! फेब्रुवारीची पत्रं, मार्चची पत्रं. लोक एकमेकांना फोन करून रडतायत.’ हेमाबाईंची सातही गेली. कलावतीबाई परवा खडवलीहून कोपरला त्यांच्या घरी आल्या, कवितांची वही घेऊन. आता त्या कविता हेमाबाईंना ऐकाव्या लागणार!

मला एकाने जाहीर लिहिलंय म्हणे, ‘धन्यवाद.’ फोन चालू झाला की वाचेन.

विचारू नको विचारू नको करत विचारलंच. ‘चंदूने सोडव चालवला का?’

उत्तम म्हणाला, ‘चालवला. पण कोणाला काय सुटलं ते मी बघत नाही. तुझं काही असलं तर तुझ्या गाठोड्यात असेल.’

आणि फोन मेलाय! माझं गाठोडं तिथं, मी इथं!

२७ सप्टेंबर, मंगळवार

फोन आला! कंपनीतून चारला घरी आलो, उचलून बघितला तर टोन. बूट न काढताच बोर्डाला लावला. अकरा गेली, एकोणचाळीस आली. सव्विसावं चंदूचं. तारीख ६ फेब्रुवारी.

इथे उतरवून ठेवतो.

‘सह्या, सातबारा बोललो ते चुकलं. माहीत असून बोललो. चारचौघांत चुकलो, पण चारचौघांत माफी मागायला जीभ रेटत नाही, म्हणून हे खासगी. न विचारता टाकलं तेही चुकलं. मला वाटलं, आपण दोघं काय जन्माला पुरणार आहोत, लोकांच्या हातात राहू दे. काल तुझं १.४ आलं. माझं नाव काढलंस, काढ. मी तेच वापरतोय. फक्त खुणा पुसायची ती ओळ ठेवली आहेस ना, तेवढं बघ. आई रोज विचारते. ये.’

मी मोठ्याने रडलो. आई धावत आली. म्हटलं, चंदूचं पत्र आलंय, बोलावलंय. ती म्हणाली, ‘मंग रडतोस कशाला, जा की!’

पाच वाजता

थांब. थांब थांब. सहा तारखेला त्याने इतकं गोड लिहिलं. माझं तीन तारखेचं वाचून? ‘ये’ म्हणतो?

माझी अकरा उघडून बघितली.

पहिलंच. चंदूला. ३ फेब्रुवारी. मी गाढव! लोकांसाठी १.४ पाच तारखेला काढली, पण माझ्या मशीनवर मी ती दोन तारखेपासूनच चालवत होतो. कोणतीही नवीन आवृत्ती आधी आपण वापरायची— माझाच नियम! सात महिने ते पत्र इथंच होतं. माझ्या घरात. त्याने कधी वाचलंच नव्हतं. आणि तासाभरापूर्वी मीच ते सोडलं. समोर दाखवतंय, ‘गेलं’. या वेळी खरंच गेलंय.

चंदूला फोन लावला. मोडेमची शिट्टी. परत लावला. शिट्टी! त्याचा एकच फोन आणि तो सदा मशीनला जोडलेला. उत्तमला दुकानात लावला. म्हटलं, माझं एक पत्र आलंय चंदूसाठी, पुसून टाक. चंदूचं मशीन आठला बोर्डाला फोन लावतं, त्याच्या आत. तो म्हणाला, ‘नाही.’ मी शिव्या घातल्या. पाया पडतो म्हटलं. ‘माझ्याकडे आलं म्हणजे ते चंदूचं, सहदेव. तुझं राहिलं नाही. दुसऱ्याच्या टपालाला मी हात लावत नाही, म्हणून तर लोक माझ्याकडे टाकतात.’

सव्वापाच. आणि मी वहीत काय लिहीत बसलोय! निघतो.

२८ सप्टेंबर

गाड्या उशिरा, आठला तीन मिनिटं असताना पोचलो. सरळ आत गेलो आणि मोडेमची वायर उपटली. चंदू खुर्चीत होता. म्हटलं, ‘माझं एक पत्र येतंय, घेऊ नकोस.’ ‘कधीचं?’ ‘तीन फेब्रुवारीचं.’ त्याने माझ्याकडे बघितलं आणि वायर परत लावली. ‘येऊ दे.’

आलं. दोन ओळी. त्याला वाचायला खूप वेळ लागला.

पितृपंधरवडा. काल गोमाजीकाकांची तिथी होती, मला आठवणही नव्हती. चंदूची आई, आवडाकाकी, माझं पान वाढत होत्या. त्यांना वाचता येत नाही. म्हणाल्या, ‘काय लिवलंय रं सहदेवनं? वाच की मोठ्यानं.’

चंदूने काचेवर बोट ठेवलं, ओळीखालून सावकाश फिरवत वाचलं: ‘काकांना खांदा दिला. तेव्हापासून तुमचं दार ते माझंच दार.’

‘खरंय बाबा,’ काकी म्हणाल्या. ‘यानंच दिला. पार मसनापातुर, बदलला न्हाय.’ आणि माझ्या पानात अजून एक वडा घातला.

चंदूने मशीन बंद केलं. माझ्याशी तो अजून बोललेला नाही.